शेड एक, गाड्या दोन

मामा जाऊन वर्ष झालं आणि गावच्या टिनशेडवरून आमच्यात कुरबूर सुरू झाली. शेड गोठ्याला लागून आहे, त्यात गाडी मावते एक. गाड्या दोन. पहिली मामांची एमजी बी जीटी, १९७१ ची, गडद हिरवी, दोन दारांची बुटकी कूपे. मामा तेव्हा इंग्लंडात डॉक्टर होते. परत येताना सामान थोडंच आणलं, पण ही गाडी मात्र जहाजात घालून आणली. दुसरी दादाची, म्हणजे माझ्या मामेभावाची, जिप्सी. १९९९ ची, कापडी छताची, रंग कधीकाळी पांढरा. एमजी गेली सहा वर्षं नागपुरात माझ्याकडे होती. यंदा सोसायटीत पार्किंगचे पट्टे नव्यानं आखले, माझ्या वाट्याला एकच आला, तेव्हा तिला गावी नेणं आलं.

दादाचं म्हणणं, एक ठेवू, एक विकू. कोणती, हे फोनवर तीन महिने ठरेना. शेवटी वहिनीनं निकाल दिला, "चार दिवस दोन्ही हिंडवा, अदलाबदली करा, मंग ठरवा. पन कापूस घरी येयच्या आंधी ठरवा."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. सरळ गावी जायचं नव्हतं. नागपूर, अमरावती, परतवाडा, मग वर चिखलदरा, तिथून सेमाडोह आणि परत खाली उतरून दर्यापूरकडे. घाट हवा, जंगल हवं आणि काळ्या मातीची पांदणही हवी, नाहीतर निवाडा एकतर्फी झाला असता.

पहिला दिवस : नागपूर ते परतवाडा

एमजीची किल्ली फिरवली की आधी मागून टिकटिक ऐकू येते. तो पेट्रोल पंप. कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या असतात तोवर भराभर वाजतो, मग सावकाश होतो, मग गप्प. टिकटिक थांबल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही, ही मामांची शिस्त. चोक अर्धा ओढला, गाडी दोनदा खोकली आणि मग तो जाड, घशातला आवाज आला. सकाळचे साडेसहा. दादा जिप्सीत बसून वाट पाहत होता.

"काऊन व, निघाचं का आरती करून रायली तिची?"

गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी. पहिला चहा कोंढाळीला, तर्री-पोह्यांसोबत. टपरीवर दोन्ही गाड्या शेजारी लावल्या आणि गर्दी जमायला वेळ लागला नाही. एका पोरानं मागचं बोधचिन्ह वाचलं. "एमजी? म्हंजे हेक्टरवाली कंपनी ना?" नाव तेच, पण ही त्या घराण्याची पणजी. मॉरिस गॅरेजेस हे ऑक्सफर्डचं दुकान, त्यावरून एमजी. गाड्या जवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनायच्या आणि तो कारखाना १९८० साली बंद झाला. पोराला यात रस नव्हता. त्याला पळते किती, एवढंच पाहिजे होतं.

गंमत अशी की या दोघी दिसतात तितक्या वेगळ्या नाहीत. लांबी दोघींची चार मीटरच्या आसपास. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर पाहिलं तर फरक जेमतेम अडीच इंचांचा. दोघी पेट्रोलवर, दोघी कार्ब्युरेटरवाल्या, दोघींना मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. आणि वजन? टपरीवर विचारलं तर सगळ्यांनी जिप्सीकडे बोट दाखवलं. खरं म्हणजे जिप्सी एक टनाच्या आतबाहेर आणि एमजी तिच्याहून जड! खेळकर दिसणारी बाई अंगानं भारी आणि रांगडी दिसणारी हलकी. दादानं एमजीच्या पोटाखाली हात घालून वीत लावून पाहिली. वीत उभी मावली नाही. पाच इंच. जिप्सीखाली आठाच्या वर. सगळा फरक या तीन इंचांत आहे, असं मला तेव्हा वाटलं. पुढे कळलं की तेवढ्यावर भागत नाही.

महामार्गावर एमजी सुखात होती. कागदोपत्री तिचे ९५ घोडे, जिप्सीचे ६०. चौथ्या गिअरमध्ये ऐंशी ओलांडले की ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे इंजिनाला निवांत करणाऱ्या जादा गिअरचा, स्विच दाबायचा. इंजिनाचा सूर एकदम खाली येतो, जणू कुणी पाटावर बसायला सांगितलं. आरशात जिप्सी लहान लहान होत गेली. ऐंशीच्या पुढे तिचं छत फडफडायला लागतं आणि दादाला रेडिओ ऐकू येत नाही. तळेगावच्या घाटानंतर मी थांबले, सिगारेट ओढणारी असते तर एक संपली असती, तेव्हा कुठे तो आला.

"तुयी गाडी आंगावर येते, मायी आंगाखाली रायते," एवढं बोलून त्यानं पाण्याची बाटली मागितली.

मोझरी, नांदगाव पेठ, अमरावती. अमरावतीनंतर वलगाव-आसेगावची वाट लागली आणि माझं सुख संपलं. गतिरोधक. काही रंगवलेले, काही न रंगवलेले, काही गावकऱ्यांनी स्वतःच मुरूम टाकून घातलेले. एमजी त्यावरून सरळ नेता येत नाही. तिरकी घालायची, एक एक चाक चढवायचं, तरी सायलेन्सर खरवडतोच. परतवाड्यापर्यंत मी एकतीस मोजले. मागे दादा एकाही ब्रेकरवर गिअर न बदलता येत होता. मी थांबले की शांतपणे थांबायचा, हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्न वाजवला असता तर बरं झालं असतं.

आसेगावच्या अलीकडे पूर्णा ओलांडली तेव्हापासून गाडी जागेवर उभी असताना अडखळत होती. परतवाड्यात एका जुन्या गॅरेजात नेली. मिस्त्री सत्तरीचे, चष्म्याला दोरी. बॉनेट उघडलं, दोन पावलं मागे सरले.

"हे त अँबेसडरचं इंजिन व्हय!"

अगदी तेच नव्हे, पण खानदान तेच. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज इंजिनाचा १४८९ सीसीचा भाऊ बंगालमधल्या उत्तरपाड्यात बनणाऱ्या अँबेसडरमध्ये वर्षानुवर्षं चालला. हा १७९८ सीसीचा मोठा भाऊ इंग्लंडात राहिला. मिस्त्रींनी अर्धं आयुष्य त्या धाकट्याची नाडी पाहिली होती. एसयू कार्ब्युरेटर त्यांना परका नव्हता. फक्त तिथे एक असायचा, इथे दोन.

पुढचा पाऊण तास मी स्टुलावर बसून नुसतं पाहिलं. त्यांनी आधी दोन्ही कार्ब्युरेटरांच्या डोक्यावरचे पितळी झाकण-स्क्रू काढले, आत बोट घातलं. "तेल कोरडं." पातळ तेल भरलं. मग हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात, दुसरं पहिल्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. डोळे मिटले. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. हवा ओढण्याचा फुसकारा दोन्हीकडे सारखा यायला हवा. एक स्क्रू पाव आटा आत, दुसरा केसभर बाहेर, परत नळी. शेवटी बारीक स्क्रूड्रायव्हरनं आतला पिस्टन हलकेच उचलला. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला. "पेट्रोल जास्त खाऊन रायली." खालची नट अर्धा फेर. पुन्हा उचललं, यावेळी सूर क्षणभर चढला आणि जागेवर बसला. त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "ऐका, ताई." दोन फुसकारे, एकसारखे, जोडीनं झोपलेल्या माणसांसारखे.

दोनशे रुपये सांगितले, त्यातले पन्नास परत केले. दादानं आशेनं जिप्सीकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी बसल्या जागेवरून पाहिलं आणि म्हणाले, "हिले काय पाहाचं? हे चालतेच." कौतुक होतं की अपमान, यावर दादा जेवण होईपर्यंत विचार करत होता.

दुसरा दिवस : घाट

परतवाड्याहून चिखलदऱ्याला दोन वाटा जातात, एक घटांगवरून, दुसरी धामणगाव गढीवरून. आम्ही धामणगावची घेतली. संत्र्यांच्या बागा संपतात, सागाची झाडं सुरू होतात, आणि मग रस्ता डोंगराला वेटोळे घालू लागतो.

इथलं मी नीट सांगू शकणार नाही. दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. एमजीचं स्टिअरिंग हातात काय चाललंय ते सगळं सांगतं. कुठे खडी सैल आहे, कुठे डांबर घासून गुळगुळीत झालंय, कुठे झाडाच्या सावलीत दव अजून वाळलेलं नाही. वळणात शिरण्याआधी ब्रेक, आत गॅस स्थिर, बाहेर पडताना मोकळा. मामांनी मला हे सोळाव्या वर्षी याच घाटात शिकवलं होतं, मागच्या सीटवर मामी जीव मुठीत धरून. ती मागची सीट म्हणजे नावालाच. त्यात माणूस बसला तर गुडघे हनुवटीला लागतात. मामी बसायची.

वर पोचून मी बारा मिनिटं उभी राहिले. जिप्सी आली ती घोरत, तिसऱ्या गिअरमध्ये. दादा उतरला तेव्हा दोन्ही दंड चोळत होता. पुढेही मागेही पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल, त्यामुळे वळणात आधी छत जातं, मग चाकं. "स्टेरिंगले पयले अर्ज द्या लागते," तो म्हणाला. घाटाचा निकाल त्यानं न भांडता मला दिला.

चिखलदरा ३,६०० फुटांवर. विदर्भात कॉफी पिकते ती इथे. थंडी अशी होती की एमजीचा हीटर लावला. विदर्भात मोटारीचा हीटर वापरण्याची संधी फार थोड्यांना मिळाली असेल, म्हणून मुद्दाम नोंदवते.

दुपारी गाविलगडावर गेलो. इंग्रज सेनापती वेलस्लीनं हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरात घेतला. दक्षिणेकडून सरळ चढणं अशक्य, म्हणून त्याच्या सैन्यानं डोंगरातून वाट पाडत जड तोफा वळसा घालून उत्तरेच्या बाजूला ओढत नेल्या. दादा बुरुजावरून ती रानं पाहत बराच वेळ उभा होता. "लो गिअर पायजे होता लेकाले," एवढंच म्हणाला.

मग अदलाबदली. दादा सहा फूट. एमजीत शिरण्याची त्याची पद्धत अशी ठरली की आधी बसायची बाजू, मग डोकं, मग पाय एकेक करून हातानं उचलून. बाहेर निघताना त्यानं माझा हात मागितला, आणि कुणी पाहत तर नाही ना, हेही पाहिलं. गाडी मात्र त्यानं फार हळुवार चालवली. बापाची गाडी होती ती त्याची, माझ्या लक्षातच नव्हतं.

मी जिप्सी घेऊन मोथ्याच्या बाजूला गेले. चढावं लागतं, बंडीवर चढतो तसं. बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की कुंपणापलीकडचं दिसतंय. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर पसरलेलं प्लास्टिक, गवळ्याच्या दारातली खव्याची कढई, तुरीत अडकलेली शेळी, दरीच्या कडेला एकट्यानं जेवणारा माणूस. हा रस्ता मी एमजीतून निदान पंधरा वेळा केलाय. त्यातली वळणं मी झोपेतही काढून देईन. ही कढई मी कधी पाहिली नव्हती. एमजी डांबराची माणूस करून सोडते. डोळा सतत पन्नास पावलं पुढे, खड्ड्यावर. जिप्सी खड्ड्याला विचारत नाही, म्हणून डोळा मोकळा राहतो. मी थांबले, रबडी घेतली, गवळणीशी म्हशींच्या भावाबद्दल बोलले. परत आले तेव्हा दादा विचारतो, "कशी वाटली?" मी रबडीबद्दल सांगितलं. तो हसला.

तिसरा दिवस : सेमाडोह

सकाळी पुन्हा आपापल्या गाड्या. दादा म्हणाला, एमजी चिखलदऱ्यालाच राहू दे, जिप्सीतून जाऊ. मी ऐकलं नाही. घटांगपर्यंत बरं होतं. पुढे सेमाडोहच्या उतारावर रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे नुसती खडी वर आलेली. मी पंधराच्या वेगानं सापासारखी चालवत होते. बांबूतून ऊन गळत होतं, म्हणजे गळत असावं. मी पाहिलं नाही.

पेट्रोलचा वास आला तेव्हा आधी मला वाटलं, दादाच्या गाडीचा. मग आठवलं, दादा मागे आहे, वारा पुढून आहे. थांबवली, किल्ली काढली, सीटमागची फळी उचलून बॅटरीची तार सुटी केली. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या पाठीमागे असतात आणि पेट्रोलचा पंप त्यांच्याच शेजारी. खाली वाकून पाहिलं. पंपाला जोडलेल्या रबरी नळीला केसाएवढ्या भेगा आणि टोकाला थेंब.

चूक माझीच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. आतून फुगतं, मऊ होतं, मग भेगाळतं. नळ्या बदलायच्या हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. दर दिवाळीत ठरवायची. दादा काही बोलला नाही. भेगाळलेल्या नळीचा तुकडा नमुन्याला कापून घेतला आणि जिप्सी वळवून गेला.

मी दीड तास रस्त्याच्या कडेला. आग विझवायचा लाल डबा मांडीशी, गाडीपासून वीस पावलं दूर. आणि मग मला जंगल दिसलं. एवढं एक बिघाडाचं उपकारच. सागाची पानं वाळून खाली पडताना किती मोठा आवाज करतात! एक कोरकू म्हातारा आणि त्याची नात गुरं घेऊन आले. नातीनं एमजीच्या तारांच्या चाकांना बोट लावलं. "सायकल के चक्के," ती आजोबाला म्हणाली. खरंच होतं. नटबोल्टही नाहीत, मधोमध दोन कानांची एक चकती, ती हातोडीनं ठोकून सैल करायची. उजव्या बाजूच्या चकतीचे आटे उलटे. आजोबाला मी ते करून दाखवलं, त्यानं आपल्या कुऱ्हाडीचा दांडा कसा पाचरीवर बसवलाय ते मला दाखवलं. बरोबरी झाली.

दादा आला तो ट्रॅक्टरच्या डिझेलची जाड नळी, दोन क्लिपा आणि गरम भजी घेऊन. नळी डिझेलची असली तरी त्या नव्या रबरावर गावापर्यंत भागणार होतं. मोटारसायकलची पेट्रोल नळी आधी पाहिली होती म्हणे, ती बारीक. त्यानं स्वतःच खाली झोपून बसवली. किल्ली फिरवली, टिकटिक झाली, थांबली. थेंब नाही. अंगाला माती लागलेली तशीच ठेवून तो म्हणाला, "हिले रान मानवत नाई. पन टिकटिक गोड करते."

रात्री सेमाडोहलाच राहिलो. सिपना नदीचा आवाज, वर चांदणं. मेळघाट हा देशातल्या पहिल्यावहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. वाघ काही दिसला नाही, लांबवर सांबर मात्र दोनदा ओरडलं. जेवताना कागदपत्रांचा विषय निघाला. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरती. दादाला ते पटेना. "म्हंजे गाडी आहे, पन चालवाची नाई? मंग ते फोटोच व्हय ना." मला यावर उत्तर सुचलं नाही. पेट्रोलचा हिशेब मात्र जुळवला. एमजी लिटरला साडेनऊ, जिप्सी साडेदहा. एवढी दोघींची उधळपट्टी, आणि फरक एका किलोमीटरचा.

चौथा दिवस : गाव

सकाळपासून आभाळ. परतवाड्याला उतरलो, तिथून अंजनगाव सुर्जी. पानमळे अजून हिरवेगार. शकुंतलेचे रूळ ओलांडले. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची ही अरुंद रुळांची गाडी, तिला मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. आता रुळांत गवत. विलायती यंत्र वऱ्हाडात किती टिकतं याचं ते जुनं उत्तर आहे. एमजी मी रुळांवरून अगदी तिरकी काढली. पुढे कापूसतळणी, मग खारपाणपट्टा, जिथे विहिरीचं पाणी चहालासुद्धा चालत नाही.

घरी पोचलो दुपारी तीनला. दादानं शेडचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. आत पांढरं. खालपासून पत्र्यापर्यंत कापूस. एवढा कोंबून भरलेला की दार उघडताच दोन ओंजळी बाहेर आला.

"वेचाई उरकली परवाच," वहिनी म्हणाली. "म्या सांगतलं होतं, आंधी ठरवा."

"मंग गाड्या?"

"भाव आल्याबिगर कापूस हालनार नाई. सहा-सात हजारात कोन देते?"

गाड्या अंगणात, लिंबाखाली. पाच वाजता पाऊस आला. साधा नव्हे, अवकाळी, आडवा, दातओठ खाऊन आलेला. वहिनी ओट्यावरून ओरडली की वावरातल्या खोपडीत दोन गठोडी राहिलीत, खोपडीचं छप्पर गळतं. घरात ताडपत्री एकच. दादानं ती उचलली, मी जिप्सीत चढले.

वावराची पांदण एक किलोमीटरची. कोरडी असली तर बैलबंडी धडधडत जाते. ओली झाली की ती रेगड माती माणसाची चप्पल पायातून काढून घेते. दादानं आत शिरतानाच लिव्हर लो मध्ये टाकला. शंभर पावलं आम्ही नांगरासारखे गेलो. मग चाकांवर माती चढू लागली. टायरचे खाचखळगे भरले, चाक गोल चेंडू झालं, मडगार्डात माती घुसून घासू लागली. मागची चाकं फिरतात, गाडी जागेवर. दादा म्हणाला, "फोर बाय फोर आहे, जाईन." गाडी गेली नाही.

मी खाली उतरले. घोट्यापर्यंत बुडाले. पुढच्या डाव्या चाकाशी वाकून पाहिलं, मोबाईलच्या उजेडात. या जिप्सीला पुढच्या चाकांवर, त्यांना इंजिनाच्या जोराशी जोडायला, हातानं फिरवायच्या हबच्या चकत्या आहेत. डांबरावर 'फ्री' ठेवायच्या, चिखलात 'लॉक'. उजवीकडची लॉकवर होती. डावीकडची फ्रीवर. आणि पुढच्या दोन चाकांत जोर वाटणारा डिफरन्शियल साधा असल्यामुळे एक चाक सुटं राहिलं तर सगळा जोर तिकडेच वाया जातो, दुसऱ्याला काही मिळत नाही. म्हणजे गेली शंभर पावलं आम्ही मागच्या दोन चाकांवर बढाई मारत आलो होतो.

"दादा."

"काय व?"

"तुमची फोर बाय फोर टू बाय फोर आहे."

त्यानं खिडकीतून वाकून चकती पाहिली. चार दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही. चकती मातीनं जाम होती, पान्यानं ठोकून फिरवली. मग रिव्हर्स, लो, आणि क्लच नुसता सोडून दिला. इंजिन गुरगुरलं, चारही चाकांनी माती मागे फेकली, माझ्या साडीवर बऱ्यापैकी, आणि जिप्सी इंच इंच करत धुऱ्याकडच्या घट्ट जागेवर आली. पुढे जायचं नाव तिनंही काढलं नाही. ताडपत्री दादानं डोक्यावर घेतली, उरलेली पांदण आम्ही पायीच गेलो. गठोडी वरूनच ओलसर झाली होती. ताडपत्री घालून, चारी टोकांना दगड ठेवून परत.

अंगणात आलो तेव्हा पाऊस पश्चिमेकडून तिरपा येत होता, बरोबर एमजीच्या दाराच्या फटीवर. जिप्सीचं तसं बरं. खाली वेगळी चासी, तळाला भोकं, पाणी येतं आणि जातं. एमजीची चासी वेगळी नाही, सगळा भार दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर. त्यांत पाणी साचून गंज धरला की गाडी कण्यातूनच जाते. मामा पावसाळाभर तिला गोधड्या पांघरून ठेवत. आणि ताडपत्री वावरात कापसावर.

दादानं काही म्हटलं नाही. परत जिप्सीत बसला, अंधारात मागेपुढे केली, एमजीच्या पश्चिमेला वीतभर अंतरावर आणून उभी केली. उंच अंग पावसाकडे. छताचं कापड एका बाजूनं सोडवलं, खाली ओढलं आणि एमजीच्या टपावरून पलीकडे नेऊन दोरीनं लिंबाला बांधलं. जिप्सीच्या सीटा भिजायला लागल्या.

वहिनी कंदील घेऊन दारात आली. लाइट कधीच गेली होती.

"मंग, कोनती इकता?"

दादानं दोरीची गाठ ओढून पाहिली.

"पयले कापूस इकू दे," तो म्हणाला.